आंबे म्हणजे ओढा

ऑगस्ट महिन्यात "आंबे आले" असं ऐकून पाटी घेऊन धावत सुटलेली बाई अख्ख्या संगमनेरात एकच झाली असेल, ती मी. लग्नाला चार महिने झाले होते, संस्कृत घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले होते, आणि ऑगस्टात आंबे कुठून येतील हा साधा प्रश्न मला पडला नाही. या जिल्ह्यात सगळ्याचेच कारखाने असतात, असेल एखादा आंब्यांचाही, असं काहीतरी माझ्या पुणेरी डोक्यात आलं असावं. घरमालक सर मागच्या आवारात उभे राहून ओरडत होते, "आंबे आले! आंबे आले!" मी मागच्या दाराने बाहेर पडले ती थेट घोटाभर गढूळ पाण्यात. वर धरणातून पाणी सोडलं होतं, प्रवरा फुगली होती, आणि आवारामागचा ओढा उलटा आत शिरला होता.

सरांनी माझ्या हातातल्या वेताच्या पाटीकडे पाहिलं. "पाणी उपसायला पाटी आणणाऱ्या तुम्हीच पहिल्या," म्हणाले.

आंबे म्हणजे ओढा, एवढं मला त्या दिवशी कळलं. कुठल्या भाषेत, ते कळायला पुढे आठवडा गेला, कारण विचारायची लाज वाटत होती. संस्कृतवालीने शब्दाचा अर्थ विचारायचा म्हणजे गवळ्याने चहासाठी शेजारी दूध मागण्यासारखं.

सर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्याआधी ते कॅथलिक पाद्री व्हायला निघाले होते. सेमिनरीत, म्हणजे पाद्री तयार करणाऱ्या शाळेत, काही वर्षं काढून झाली आणि कुठल्याशा लग्नात त्यांना मिरजगावाकडची एक मुलगी भेटली. तीच पुढे आम्हा सगळ्या भाडेकरूंची मावशी. "फादर व्हायचं हुतं ह्यांना," ती सांगायची, "झाले की. एका पोराचे."

त्या सेमिनरीत एक म्हातारे फ्रेंच फादर लॅटिन शिकवत. मिसरूड फुटायच्या वयातल्या सरांनी त्यांना भर वर्गात विचारलं, "ही मेलेली भाषा शिकून उपयोग काय?" फादर रागावले नाहीत. म्हणाले, "लॅटिन मेली नाही बाळ, तिला भरपूर लेकरं आहेत. मेलेली भाषा कशी असते ते मी दाखवतो तुला." आणि शिक्षा म्हणून एक यादी तोंडपाठ करायला दिली.

फादरांच्या देशात रोमन लोक येण्याआधी गॉल लोकांची बोली चालायची. ती हळूहळू पुसली गेली. पुसली जात असताना म्हणा, पुसून झाल्यावर म्हणा, कुणीतरी तिच्यातले वीसेक शब्द लॅटिन अर्थासकट उतरवून ठेवले. मठामठांतून त्याच्या नकला होत गेल्या आणि त्यातली एक, हजार-बाराशे वर्षांपूर्वीची, व्हिएन्नाच्या ग्रंथालयात आहे म्हणे. त्या बोलीचं दगडांवर, मडक्यांवर कोरलेलं काहीबाही उरलं आहे, पण 'या शब्दाचा अर्थ हा' असं कुणी बसून सांगून ठेवलेलं फारच थोडं.

सरांची शिक्षा संपली, सेमिनरी सुटली, यादी काही सुटली नाही.

सरांचं म्हणणं, भाषा बोलली की जिवंत. तिचं व्याकरण हरवलं? मग मराठीचं लावा, आपल्याकडे पुष्कळ आहे. ब्रियो म्हणजे पूल, अवाल्लो म्हणजे सफरचंदं, प्रेन्ने म्हणजे मोठं झाड, लौत्रो म्हणजे न्हाणी, डोरो म्हणजे दार. "ब्रियोवरनं येताना अवाल्लो बघितले, पण नरम होते," असं वाक्य संगमनेर सोडून पृथ्वीच्या पाठीवर कुठे उच्चारलं गेलं नसेल. नान्तो म्हणजे दरी, म्हणून चंदनापुरीचा घाट उतरून आलेल्या पाहुण्याला ते विचारत, "नान्तोत ट्रॅफिक होतं का?" रोथ म्हणजे जहाल, तो शब्द त्यांनी मावशीच्या ठेच्याला देऊन टाकला होता. नळ दुरुस्त करायला येणारा माणूससुद्धा दोन फेऱ्यांत शिकला. "सर, तुमच्या लौत्रोचा वायसर गेलाय," असं तो इतक्या सहज म्हणाला की सर दिवसभर शीळ घालत फिरले.

प्रवरा आणि म्हाळुंगीच्या मधल्या आमच्या गावाला ते 'इंटर आंबेस' म्हणत. ओढ्यांच्या मधलं. हेही यादीतच आहे. "संगमनेर आहे हे," ते म्हणायचे, "गडी इथून जाऊन गेलेला दिसतोय."

'गडी' म्हणजे यादी लिहिणारा. सरांचा त्याच्यावर फार जीव. त्याच्या चुकांवर तर जास्तच. दाराचा लॅटिन अर्थ लिहिताना गड्याने एका अक्षराचा घोटाळा केला आहे, तो असा की ग्रीक जाणणाऱ्याला तिथे 'हाड' वाटावं. त्यामुळे नको असलेला माणूस दारात उभा राहिला की सर गोड आवाजात विचारायचे, "दाराचा दुसरा अर्थ माहीत आहे का आपल्याला?" आणि आतून मावशी ओरडायची, "हाऽड!" विम्याचे दोन एजंट असे परत गेलेले मी स्वतः पाहिले आहेत.

आता माझं. मी तेव्हा जगातल्या सगळ्या भाषांचं माहेर संस्कृत आहे आणि मी त्या माहेरची थोरली लेक आहे अशा थाटात वावरायचे. सरांनी पहिल्यांदा यादी म्हणून दाखवली तेव्हा मी 'डोरो'लाच अडवलं. "द्वार! हे आमचंच आहे. इथूनच गेलेलं."

"बाई," सर म्हणाले, "तुमच्या घराला दार आहे, म्हणून गावातली सगळी दारं तुमच्याच सुताराने केली का? दोघांचा आजा एक असेल. आज्याला विसरून चुलतभावाला पोरगा म्हणू नका." त्या दिवसापासून मी त्यांची शास्त्रीबाई झाले. मला तो बहुमान वाटला. एका घरमालकाने तरी मला ओळखलं, असं मी नवऱ्याला सांगितल्याचं आठवतं. नवरा दूध संघात होता, तो भल्या पहाटे उठणारा माणूस, 'हं' म्हणून झोपला.

मावशीलाही मी सोडलं नव्हतं. ती 'पानी' म्हणाली की मी 'पाणी' म्हणून दाखवायची, हळूच, तिला लागणार नाही अशा बेताने. तिने पंधरा दिवस ऐकून घेतलं. मग एकदा पाहुण्यांसमोर तांब्या माझ्यापुढे धरून म्हणाली, "घ्या. तुमच्यासाठी न्यारं ठिवलंय. ण घालून उकळलंय." सर हसता हसता खुर्चीवरून घसरले. मी ते ण घातलेलं पाणी मुकाट्याने प्यायले, आणि त्यानंतर कोणाच्या पाण्यात हात घातला नाही.

यादीत एक शब्द अवघड होता. कायो. त्याचा अर्थ दिला आहे तो अशा दोन शब्दांत की ते शब्दच धड कुणाला कळत नाहीत. अर्थाचाच अर्थ लावत बसायचं. सरांनी त्यावर आपला तोडगा काढला होता. ज्या वस्तूचं नाव ऐनवेळी आठवणार नाही तिला कायो म्हणायचं. "ते कायो कुठं ठेवलं?" म्हणजे चष्मा, पकड, छत्री, काहीही. यावर मावशीचं रोजचं भांडण. ती नवऱ्याला हाक मारायची ती "काय वो" अशी. ती म्हणणार "काय वो", ते म्हणणार "कायो", ती म्हणणार, "मला येडावताय व्हय?"

"अगं, शब्द आहे तो."

"शब्द हाय तर त्याला अर्थ पायजे. बिगरअर्थाचं बोलायला मी काय साळंत शिकवती?"

एकदा मागच्या लिंबाखाली, म्हणजे प्रेन्नेखाली, शेंगा सोलत बसलो असताना सरांनी खेळ काढला. आपली भाषा बुडाली आणि एका अर्धवट ऐकणाऱ्या परक्याने आपले वीस शब्द लिहून घेतले, तर कोणते उरतील? माझा नवरा म्हणाला, "फॅट." मावशी म्हणाली, "न्हाई." सरांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं, हा खरंच टिकेल म्हणाले. मी पदर सारखा करून म्हणाले, "सच्चिदानंद."

"तो त्याला ऐकूच जाणार नाही, शास्त्रीबाई," सर म्हणाले. "तो रस्त्याने जाणारा माणूस. त्याला लागतं काय? पूल, ओढा, दरी, मोठं झाड. पुढच्या गावाला पोचण्यापुरती भाषा. आमच्या यादीचं तेच झालंय. पूल आहे, पण पुलावरून ये म्हणायची सोय नाही. दार आहे, आत या नाही."

"आत या म्हनायला मी हाय न्हवं," मावशी म्हणाली आणि टरफलं झटकून उठली.

क्रियापद म्हणून त्या यादीत काय तो एकच शब्द: कांबियारे. एक वस्तू देऊन दुसरी घेणे. आणि हाच शब्द मावशीने सगळ्यांतून निवडून आपला केला. आमच्या चार बिऱ्हाडांत वाटी रिकामी परत करायची पद्धत नव्हती. मी भरलं वांगं पाठवलं की त्या वाटीतून तिखट शेंगोळे येणार, आणि ती आवारातूनच ओरडणार, "कांबियारेऽ!" एरवी त्या सगळ्या प्रकाराला ती 'मेलेलं बोलनं' म्हणायची. मुलापुढे तर त्यातलं अवाक्षर काढायची सरांना बंदी होती. सुधाकर पुण्याला बोर्डिंगात होता. तो सुट्टीत घरी आला की सर शुद्ध मराठीत यायचे. "पोराच्या कानावर मेलेलं नको," हा मावशीचा कायदा होता, आणि सुधाकर घरात असला की वाटीसुद्धा मुकी परत यायची.

पुढे आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं घर बांधलं. जाणं-येणं राहिलं. मावशी गेली तेव्हा पुलापलीकडच्या ख्रिस्ती कबरस्थानात आम्ही सगळे गेलो होतो. परतताना फाटकापाशी सर थांबले, तिथली दगडी भिंत त्यांनी तळहाताने चाचपली आणि मला म्हणाले, "शास्त्रीबाई, कायोचा अर्थ लागला. भिंत घातलेली जागा." मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "प्राकारः." अशा वेळी माणसाने गप्प बसावं हे संस्कृतात फार छान सांगितलेलं आहे, पण ते सुभाषित मला नंतर आठवलं.

त्या दिवसानंतर सरांनी चष्म्याला कायो म्हणणं सोडलं. चष्मा सापडत नसेल तर ते म्हणायचे, "ते हे."

यंदाच्या उन्हाळ्यात सुधाकरचा फोन आला. तोही आता पन्नाशीच्या घरातला. "काकू, दादांना झटका येऊन गेला." वडलांना तो दादा म्हणतो. "उजवी बाजू गेली आणि वाचाही. महिना झाला मी इथं आहे. आता त्यांना पुण्याला न्यायचंय, पण ते पलंगाचा दांडा सोडत नाहीत. काहीतरी सारखं सांगतात. तुमचं ऐकायचे, म्हणून..." माझं ते कधी ऐकत नव्हते. तरी मी गेले.

सर पलंगावर बसले होते. नव्वदीला टेकलेलं शरीर, डाव्या हाताची मूठ दांड्याभोवती. उशाशी ताटलीत आंब्याच्या फोडी होत्या, तशाच सुकलेल्या.

"सारखं आंबे मागतात," सुधाकर म्हणाला. "शुगर असून देतोय. पण तोंड मिटून घेतात. डॉक्टर डॉक्टर करतात, डॉक्टर आले की मान फिरवतात. प्रेयर म्हणाले म्हणून फादरना घेऊन आलो, तर त्यांच्याकडेही पाहीनात. नातू नातू म्हणतात म्हणून त्याला बंगळूरहून बोलावलं, तो बिचारा विमानाने येऊन बसून गेला. आणि मधूनमधून मला विचारतात, काय ओ? मी म्हणतो, काही नाही दादा. की मग रडतात. मी काय करू, काकू? उद्या निघायचंय आणि त्यांना काय हवंय तेच मला कळत नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ वाकडे होत होते, पण शब्द स्वच्छ आला. "डोरो."

"बघा. डॉक्टर."

"ब्रियो."

"हे एक मात्र मला अजिबात लागत नाही."

"नान्तो. आंबे. प्रेन्ने. कायो."

माझ्या स्वभावाला धरून, लगेच माझ्या अंगात विद्वत्ता आली. मराठी गेली, इंग्रजी गेली, लॅटिन गेली, आणि लहानपणी शिक्षा म्हणून घोकलेली तेवढी उरली, हे मला समजलं. मी सुधाकरला म्हणाले, "डॉक्टर नाही रे, दार! दार उघड." त्याने दार उघडलं. सर हलले नाहीत. "ओढा! पाणी दे." पाणी दिलं. सरांनी डोळे मिटून घेतले. मी एकेक शब्दाचं भाषांतर करत होते आणि ते माझ्याकडे, ऑगस्टातल्या पाटीकडे पाहिलं होतं तसे पाहत होते.

मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली. तोच क्रम. दार, पूल, दरी, ओढा, मोठं झाड. एकही पुढे-मागे नाही. यादीतला क्रम हा नव्हे, तो मला पाठ आहे. हा त्यांनी लावलेला क्रम होता. शेवटी, हळू: "कायो."

भिंत घातलेली जागा.

"सुधाकर, गाडी काढ," मी म्हणाले.

"कुठं जायचंय?"

"ते सांगतायत ना महिनाभर. दारातून बाहेर, मग पूल. तिथून पुढे ते सांगतील."

सुधाकरने वडलांकडे पाहिलं. सरांनी पलंगाचा दांडा सोडला.

पुलावर गाडी चढली तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, "ब्रियो." सुधाकर म्हणाला, "पूल," स्वतःशीच, शाळेतल्या पोरासारखा. रस्ता खाली उतरला तेव्हा "नान्तो". तळाशी मोरीखालून ओढा जातो, सध्या कोरडा, नुसती काटेरी बाभळ. "आंबे," सर म्हणाले. सुधाकरने आरशातून मागे पाहिलं. महिनाभर सोललेले हापूस त्याला आठवले असावेत. वळणावरच्या चिंचेपाशी त्याने वाट पाहिली नाही. "प्रेन्ने ना, दादा?" आणि कबरस्थानाच्या भिंतीशी, मी काही बोलायच्या आत, गाडी थांबवली.

त्याने त्यांना धरून आत नेलं. मी गुडघ्यांचं निमित्त करून दोन पावलं मागे राहिले. सर मावशीच्या कबरीशी उभे राहिले, सुधाकरच्या अंगावर भार टाकून. मी ऐकायला कान लावून होते, कारण माझी सवय. पण ते काही बोलले नाहीत. बोलणार काय? बायको हा शब्द यादीत नाही. आलो नाही, जातो नाही. गड्याला रस्त्याने जायचं होतं, त्याने एवढंच टिपून घेतलं. सरांनी डाव्या पायाने कबरीच्या कडेचं वाळलं गवत जरा बाजूला सारलं. ऊन चढलं. सुधाकरलाही शब्द सुचत नव्हते, आणि त्याच्याकडे तर दोन-तीन भाषा शाबूत होत्या.

गाडीपाशी आल्यावर सर थांबले. चांगला हात त्यांनी मुलाच्या खांद्यावर ठेवला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा वेगळा शब्द काढला.

"कांबियारे."

सुधाकरने माझ्याकडे वळून पाहिलं. "हे आता कुठं जायचंय, काकू?"

"हे ठिकाण नाही. एक घ्यायचं, त्याच्या बदल्यात एक द्यायचं. तुझी आई वाटी परत करताना म्हणायची. तू त्यांना इथं आणलंस. आता ते तुझ्याबरोबर पुण्याला येतील."

"खरंच येतील? उद्या सकाळी पुन्हा दांडा धरून बसले तर?"

सर एव्हाना डाव्या हाताने गाडीचं दार धरून, आमची वाट न पाहता, आत शिरू पाहत होते.

"नाही बसणार," मी म्हणाले. "शब्द दिलाय त्यांनी. आणि त्यांच्याकडे आहेतच असे किती, वाया घालवायला."